एकेकाळचं साम्राज्य पुन्हा जगावर वजन टाकू शकतं का?

नोव्हेंबर २०१७. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात एक निवडणूक काही केल्या संपेना. आंतरराष्ट्रीय न्यायालयावर पाच न्यायाधीश निवडायचे होते. चार झाले, पाचवी जागा अडली. रिंगणात उरले ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड आणि भारताचे दलवीर भंडारी. नियम असा की महासभा आणि सुरक्षा परिषद दोन्हीकडे एकाच वेळी मतदान होतं, आणि दोन्हीकडे बहुमत मिळवलं तरच खुर्ची मिळते. परिषदेतली १५ पैकी ९ मतं ग्रीनवुड यांच्या पारड्यात होती. महासभेत मात्र भंडारी खूपच पुढे होते आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही चित्र पालटत नव्हतं. या एका कामात व्हेटो चालत नाही. कायम सदस्य असो की दोन वर्षांसाठी आलेला, मत एकच. अखेर २० तारखेला ब्रिटनने आपला माणूस मागे घेतला. १९४६ मध्ये न्यायालय सुरू झाल्यापासून त्यावर ब्रिटिश न्यायाधीश नाही, अशी वेळ पहिल्यांदाच आली.

तसं पाहिलं तर ब्रिटनचं यात काही बुडालं नाही. अण्वस्त्रं होती तिथेच आहेत, सुरक्षा परिषदेतली कायमची जागाही शाबूत आहे. पण महासभेतल्या १९३ देशांपैकी कितीतरी देशांचा कारभार एकेकाळी लंडनहून चालत असे. आता त्यांच्या हातात मतपत्रिका होती. साम्राज्य गेलेल्या देशाचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्या मतपेटीशेजारी उभं राहून पाहिला की बराच सुटा होतो.

आधी दोन शब्द वेगळे करू. हुकूम आणि वजन. हुकमाला समोरच्याची संमती लागत नाही. बंदूक, तुरुंग आणि पगारी नोकर पुरेसे असतात. वजन म्हणजे तुम्ही काही बोलला नाहीत तरी समोरचा तुमचा विचार करून पाऊल टाकतो. साम्राज्याकडे दोन्ही असतात आणि ती इतकी एकजीव झालेली असतात की राज्यकर्त्यांना स्वतःलाही त्यातला फरक कळेनासा होतो. साम्राज्य बुडतं तेव्हा हुकूम एका रात्रीत जातो, वजन हळूहळू विरतं. मग दोन-तीन पिढ्या लोटल्या की कुणीतरी पुढारी उठतो आणि म्हणतो, आपण पुन्हा थोर होऊ. लंडनमध्ये, मॉस्कोत, पॅरिसमध्ये, अंकारात, सगळीकडे हे ऐकू येतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हुकूम परत येत नाही, कारण तो ज्या सामानावर उभा होता ते सामान मुळात मालकाचं नव्हतंच. वजन परत येऊ शकतं, पण ते देणारा हात आता जुन्या प्रजेचा आहे. हे दुसरं वाक्य गिळणं भल्याभल्यांना जमत नाही.

दुसऱ्याच्या भांडवलावरचा धंदा

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगातला साधारण दर चौथा माणूस ब्रिटिश राजाच्या अमलाखाली होता. खुद्द ब्रिटनची लोकसंख्या, आयर्लंड धरून, साडेचार कोटींच्या आसपास. एवढ्याशा देशाने हे जमवलं कसं?

स्वतःच्या माणसांच्या जोरावर तर नक्कीच नाही. तीस कोटींच्या हिंदुस्थानच्या प्रशासनाचा वरचा थर होता आयसीएस, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांचा, आणि ते जेमतेम हजारभर. खालचा सगळा डोलारा स्थानिक कारकून, शिपाई, फौजदार यांनी पेलला होता. लष्कराचंही तसंच. हिंदी फौज चीनमध्ये, पूर्व आफ्रिकेत, मेसोपोटेमियात लढली; एरवी तिचा नेहमीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार पाठवली गेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर पोचली. ब्रिटनला आपल्या करदात्याच्या खिशात फारसा हात न घालता अर्ध्या जगात फौज हलवता येत होती.

पैशाची गोष्ट याहून रंजक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन अमेरिकेकडून आणि युरोपातून विकायचा त्यापेक्षा जास्त माल विकत घेई, म्हणजे तिकडे तूट. हिंदुस्थान मात्र ताग, कापूस, चहा असा माल त्याच देशांना विकून परकी चलन कमवी. हा पैसा लंडनमार्गे फिरे आणि ब्रिटनची तूट भरून निघे. जिब्राल्टर, माल्टा, एडन, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरांची माळ जहाजांना कोळसा पुरवी. १९०२ मध्ये प्रशांत महासागरातली तार पूर्ण झाली आणि परक्या भूमीला न शिवता संदेश पृथ्वीप्रदक्षिणा करू लागला. फौज, व्यापार, कोळसा, तारा: यातला कुठलाच भाग एकटा चालत नव्हता. सगळे एकमेकांच्या आधाराने उभे होते.

म्हणूनच ते मोडलं तेही एकदम. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. युद्धासाठी इथून घेतलेल्या मालाची आणि सेवांची ती उधारी होती. सावकार कोण आणि कूळ कोण, हेच उलटं झालं. १९४६ मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. त्याला अट होती: पौंडाच्या बदल्यात कुणीही डॉलर मागितले तर द्यायचे. १५ जुलै १९४७ ला ती खिडकी उघडली आणि डॉलर असे वाहून जायला लागले की २० ऑगस्टला ती बंद करावी लागली. भारत स्वतंत्र झाल्याच्या पाचव्या दिवशी. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर २००६ मध्ये.

सुएझ, किंवा पोकळ वासा

तरी लंडनमध्ये अनेकांना वाटत होतं की हिंदुस्थान गेला, बाकीचं सांभाळू. हा भ्रम फुटला १९५६ मध्ये. ती हकीकत जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण हुकूम कसा आतून पोखरलेला असतो हे तीत उघडं दिसतं.

२६ जुलैच्या संध्याकाळी अलेक्झांड्रियात इजिप्तचे अध्यक्ष नासर भाषण करत होते. सुएझ कालवा खोदणाऱ्या फ्रेंच माणसाचं, द लेसेप्सचं, नाव ते पुन्हा पुन्हा घेत होते. श्रोत्यांना वाटलं, इतिहास चाललाय. खरं तर ते नाव म्हणजे खूण होती. रेडिओला कान लावून बसलेल्या पथकांनी ते ऐकलं आणि कालवा कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. भाषण संपेपर्यंत कालवा इजिप्तचा झाला होता. याच कंपनीचे ४४ टक्के शेअर १८७५ मध्ये ब्रिटनने इजिप्तचा कर्जात बुडालेला राज्यकर्ता, खेदीव, याच्याकडून ४० लाख पौंडांना उचलले होते.

ब्रिटन आणि फ्रान्सने मग पॅरिसजवळच्या सेव्हर गावी इस्रायलबरोबर गुपचूप बेत केला. इस्रायलने सिनाईत घुसायचं, आणि या दोघांनी ‘भांडणारे दूर करतो’ असं म्हणत कालव्यावर उतरायचं. चोराने पोलिसाचा वेश घालावा तसा प्रकार. २९ ऑक्टोबरला इस्रायल घुसला, ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले, दुसऱ्या दिवशी समुद्रातून फौज आली. लष्करी दृष्टीने सगळं सुरळीत चाललं होतं.

घोडं पेंड खात होतं ते बँक ऑफ इंग्लंडमध्ये. त्या काळी पौंडाचा भाव २.८० डॉलरला बांधलेला होता. भाव टिकवायचा म्हणजे बाजारात कुणी पौंड विकायला आणला की बँकेने आपल्याकडचे डॉलर मोजून तो घ्यायचा. युद्ध सुरू होताच जो तो पौंड विकायला लागला आणि डॉलरचा साठा आटायला लागला. अशा वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायचा. पण तिथे अमेरिकेचा शब्द चाले आणि अमेरिका म्हणाली, आधी बाहेर पडा. तेलाचंही तेच. इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला, सीरियातली तेलवाहिनी उडवली गेली, आणि अमेरिकेने आपलं तेल द्यायलाही तीच अट घातली. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धविराम. २२ डिसेंबरपर्यंत शेवटचा ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक परत गेला. ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं. जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. अमेरिकेने एक गोळीही झाडली नव्हती.

या एकाच मारातून दोन राजधान्यांनी उलटसुलट धडे घेतले, हे मला नेहमी नवलाचं वाटतं. लंडनने ठरवलं, यापुढे अमेरिकेला सोडून काही करायचं नाही. पॅरिसने ठरवलं, यापुढे अमेरिकेवर विसंबायचं नाही. फ्रान्सने १९६० मध्ये स्वतःचा अणुबॉम्ब फोडला. १९६२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन बोलून गेले की ब्रिटनने साम्राज्य गमावलंय आणि नवी भूमिका अजून सापडलेली नाही. लंडनला ते भयंकर झोंबलं. १९६७ मध्ये पौंड २.४० डॉलरवर उतरवावा लागला आणि दोनच महिन्यांनी सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ आवरते घेण्याचा निर्णय जाहीर झाला.

जे उरतं ते कुणाचं?

हुकूम गेल्यावर मागे पुष्कळ काही राहतं. इंग्रजी भाषा राहिली, इंग्रजी कायद्याची चौकट राहिली, ग्रिनिचची वेळ राहिली. जगातल्या परकी चलनाच्या उलाढालीपैकी सुमारे ३८ टक्के आजही लंडनमधून होते, आणि त्यातल्या बहुतेक व्यवहारांत पौंड नसतोच. बाजार तिथे भरतो कारण वकील, दलाल, भाषा आणि घड्याळ सगळं तिथे जुळून आलंय: सकाळी आशियाशी, दुपारी अमेरिकेशी बोलता येतं.

पण या उरलेल्या गोष्टी टिकल्या त्या इतरांच्या उपयोगी पडल्या म्हणून. आणि जी गोष्ट इतरांच्या उपयोगाची असते ती सावकाश इतरांची होते. क्रिकेटकडे पाहा ना. खेळ इंग्लंडचा, नियम इंग्लंडचे, आंतरराष्ट्रीय संघटनेचं बिऱ्हाड लॉर्ड्सला. २००५ मध्ये ते बिऱ्हाड दुबईला हललं आणि खेळातला पैसा कुठून येतो हे सांगायला नको. इंग्रजीचंही तसंच झालंय. ती बोलणाऱ्यांत इंग्रज मूठभर. भाषा पसरली म्हणजे त्या देशाचं वजन वाढलं, असं समीकरण मांडणाऱ्यांनी स्पेनकडे बघावं. १८९८ मध्ये क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स हातचे गेल्यावर स्पेनचं साम्राज्य जवळपास संपलं. स्पॅनिश आज कोट्यवधी लोक बोलतात, पण मेक्सिको किंवा अर्जेंटिना काही ठरवताना माद्रिदला विचारत नाहीत.

जोर लावून बघणारे

गेलेलं तलवारीने परत आणायचं, हा मोह जुना आहे. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याने पश्चिमेकडचं गेलेलं रोमन राज्य परत घ्यायचं मनावर घेतलं. उत्तर आफ्रिका ५३३-३४ मध्ये झटपट मिळाली. इटलीत मात्र युद्ध जवळजवळ वीस वर्षं रेंगाळलं, रोम शहर अनेकदा या हातातून त्या हातात गेलं, मध्ये प्लेगची साथ येऊन गेली. शेवटी इटली मिळाली ती उजाड. जस्टिनियन ५६५ मध्ये वारला आणि ५६८ मध्ये लोंबार्ड लोक इटलीत उतरले.

पुतिन यांनी २००५ मध्ये सोव्हिएत संघाचं विघटन ही शतकातली सर्वांत मोठी भूराजकीय आपत्ती असल्याचं म्हटलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई झाली. निकाल अजून रणांगणावर लिहिला जातोय, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. पण वजनाचा हिशेब मांडता येतो. फिनलंडने दुसऱ्या महायुद्धानंतर सत्तर-ऐंशी वर्षं मॉस्कोला न दुखवण्याची कसरत केली होती. एप्रिल २०२३ मध्ये तो नाटोत गेला आणि रशियाला लागून असलेली नाटोची सरहद्द १,३०० किलोमीटरहून अधिक वाढली. मार्च २०२४ मध्ये स्वीडन गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशातून आर्मेनियन लोक परागंदा झाले, रशियाचे शांतिसैनिक बघत राहिले, आणि आर्मेनियाने रशियाच्या नेतृत्वाखालच्या लष्करी करारातला आपला सहभाग गोठवला. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात असद पडले, तेव्हाही मॉस्कोने आसरा दिला, सत्ता वाचवली नाही. रशियाची भीती अजून आहे. अण्वस्त्रं असलेल्या देशाची ती राहणारच. पण भीती वाटणारा शेजारी तुमच्या बाजूने मत देत नाही, तो कुलूप बदलतो.

फ्रान्सचा मार्ग जास्त चलाख होता. आफ्रिकेतल्या वसाहती १९६० च्या सुमारास स्वतंत्र झाल्या, पण चलन फ्रान्सच्या दोरीला बांधलेलं राहिलं. सीएफए फ्रँक हे चलन १९४५ पासूनचं. आजही ते युरोशी ठरावीक दराने जखडलेलं आहे, एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. आफ्रिकेतले चौदा देश ते वापरतात. बदल्यात या देशांनी आपल्या परकी गंगाजळीचा मोठा भाग फ्रेंच तिजोरीत ठेवायचा, असा नियम कित्येक दशकं होता. बाजू न्यायाने सांगायची तर याने महागाई आटोक्यात राहिली. शेजारच्या घानाने जे भोगलं ते यांना भोगावं लागलं नाही. पण स्वतःच्या पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, हे तरुण पिढीला सलत राहिलं. त्यात साहेल भागात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, फ्रेंच फौजा वर्षानुवर्षं अतिरेक्यांशी लढत राहिल्या आणि अतिरेकी वाढतच गेले. २०२२ मध्ये मालीतून फ्रेंच सैन्य बाहेर पडलं, २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजरमधून, २०२५ मध्ये चाड आणि सेनेगलमधून. मालीने नव्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत भाषेचा दर्जाच काढून टाकला. या देशांत जे लष्करशहा आले ते काही लोकशाहीचे पुतळे नाहीत, आणि त्यांनी मदतीला बोलावलेले रशियन भाडोत्री सैनिक तर नाहीतच. तरीही पॅरिसविरोधी घोषणा दिल्या की टाळ्या पडतात, हे खरं.

मग चीनचं काय?

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १८२० मध्ये जगाच्या उत्पन्नातला जवळपास तिसरा हिस्सा चीनचा होता. १८४२ मध्ये नानकिंगच्या तहात हाँगकाँग बेट गेलं, आणि १९५० पर्यंत तो हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपास घसरला. १९७८ च्या अखेरीस आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला. मोठी सत्ता पडून पुन्हा उठल्याचं आधुनिक काळातलं याहून ठळक उदाहरण नाही.

यातली मेख अशी की चीनचं मूळ भांडवल घरातच होतं. ब्रिटनची माणसं, फौज आणि बाजार सात समुद्रांपलीकडे होते. ते सुटले आणि मागे उरलं एक मध्यम आकाराचं बेट. चिंग घराण्याचं साम्राज्य कोसळलं तेव्हा काही मुलूख गेला, पण बहुतेक भूमी आणि जवळपास सगळी माणसं एका राज्यात राहिली. तिबेटमधल्या आणि शिंजियांगमधल्या माणसांना विचाराल तर ती याला पुनरुत्थान म्हणणार नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. पण गणित म्हणून पाहिलं तर कोट्यवधी लोकांची उत्पादकता वाढली आणि वजन आपोआप वाढलं. ज्याचं मूळ भांडवल परक्याच्या घरी होतं त्याला ही वाट मोकळी नाही. एक बारीक गोष्ट: १८९८ मध्ये ब्रिटनने हाँगकाँगलगतचा मुलूख चीनकडून ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता. २०१७ मध्ये श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीला मिळालं, तेही ९९ वर्षांसाठीच. जुन्या जखमेतून माणूस वेदना शिकतो तशी युक्तीही शिकतो.

जपानने तिसराच रस्ता धरला. १९४५ मध्ये सगळं गेलं. दोन दशकं मान खाली घालून कारखाने उभारले. पण कारखान्यांनी वजन आपोआप आलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका जकार्ताला गेले तेव्हा शहर पेटलं. जपानी मोटारी जाळल्या गेल्या, आणि पाहुण्यांना विमानतळावर हेलिकॉप्टरने पोचवावं लागलं. बंदुकीऐवजी टीव्ही आणि मोटारसायकली घेऊन आला म्हणून जुना मालक आवडू लागत नाही. टोकियोने हे मनाला लावून घेतलं. १९७७ मध्ये पंतप्रधान फुकुदा यांनी मनिलात जाहीर केलं की जपान लष्करी सत्ता होणार नाही आणि आग्नेय आशियाशी बरोबरीच्या नात्याने वागेल. पुढे रस्ते, बंदरं, कर्ज, तंत्रशिक्षण असं मुकाट काम चाललं. २०१७ मध्ये अमेरिका प्रशांत महासागरी व्यापार करारातून उठून गेली तेव्हा उरलेल्या अकरा देशांना धरून ठेवून करार तडीस नेला तो जपानने. ज्या देशांवर एकेकाळी ताबा होता त्यातलेही काही त्या टेबलाशी होते. कोरिया आणि चीनमध्ये मात्र युद्धगुन्हेगारांनाही मान देणारं टोकियोतलं यासुकुनी मंदिर आणि युद्धकाळातल्या स्त्रियांवरचे अत्याचार हे विषय अजून भळभळतात, तिथे ही किमया चाललेली नाही.

व्हिएन्नाची कथा छोटी आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पाच कोटींच्या साम्राज्याची राजधानी १९१८ नंतर साधारण ६५ लाखांच्या देशाची राजधानी झाली; डोकं मोठं आणि धड लहान. आज तिथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आहे, तेल विकणाऱ्या देशांची संघटना ओपेक आहे. सम्राट गेला आणि शहर इतरांच्या बैठकांचं यजमान झालं.

आणि पोर्तुगालचा तो नकाशा विसरता येत नाही. १९३४ मध्ये पोर्तो शहरात वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी एन्रिक गाल्वाव या अधिकाऱ्याने एक नकाशा काढला: युरोपावर अंगोला आणि मोझांबिक पसरून ठेवलेले, स्पेनपासून पार रशियापर्यंत. वर मथळा, ‘पोर्तुगाल हा छोटा देश नाही’. शाळाशाळांत तो टांगला गेला. गाल्वाव स्वतः पुढे त्याच राजवटीविरुद्ध उठला आणि १९६१ मध्ये त्याने ‘सांता मारिया’ नावाचं प्रवासी जहाजच पळवलं. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, आणि १९७५ संपायच्या आत आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या. २०११ मध्ये पोर्तुगाल कर्जसंकटात सापडला असताना त्याचे पंतप्रधान अंगोलाची राजधानी लुआंडाला गेले, आणि अंगोलाच्या अध्यक्षांनी मदतीची तयारी दाखवली. नोकऱ्या शोधत पोर्तुगीज तरुण अंगोलाची वाट धरू लागले होते.

पुन्हा लंडन

ब्रिटनला मधूनमधून वाटलं की जुने दिवस परततायत. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. सुमारे १३,००० किलोमीटरवर आरमार पाठवून ब्रिटनने दहा आठवड्यांत ती परत जिंकली. २५५ ब्रिटिश सैनिक गेले, अर्जेंटिनाचे त्याहून कितीतरी जास्त. विजय खरा होता. पण त्या बेटांवरच्या लोकांना ब्रिटन हवाच होता. जिथे लोकांना तुम्ही नको असता तिथे तो अनुभव कामाचा नाही, आणि नेमकं हेच त्या जल्लोषात हरवलं.

२०१६ मध्ये ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, तेव्हा ‘ग्लोबल ब्रिटन’ ही घोषणा आली. राष्ट्रकुलातले जुने सोबती व्यापारासाठी वाटच बघतायत, असा तिच्यामागचा समज होता. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत काही जण याला टोमण्याने ‘एम्पायर २.०’ म्हणू लागले होते. भारताशी वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दिवाळीपर्यंत करार होईल असं सांगितलं. ती दिवाळी गेली, त्यानंतरच्या दोन गेल्या, मध्ये ब्रिटनचे पंतप्रधानही बदलले. सह्या झाल्या २४ जुलै २०२५ ला. त्यात ब्रिटिश व्हिस्कीवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर यायचं आहे. आणि तिथे तात्पुरतं काम करणाऱ्या भारतीयांना तीन वर्षं तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही. दोघांनी घासाघीस केली, दोघांना थोडंथोडं मिळालं. दोन दुकानदारांत होतो तसा सौदा. माझ्या मते ब्रिटनच्या वाट्याला येऊ शकणारं वजन असंच आहे, आणि ते काही कमी प्रतीचं नाही. फक्त त्यात तुतारी वाजत नाही.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर हे सगळं एका जागी पाहायला मिळतं. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने ही बेटं त्याच्यापासून तोडून स्वतःकडे ठेवली. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेबरोबर लष्करी तळ करायचा होता. तिथल्या रहिवाशांना १९७३ पर्यंत बाहेर काढलं गेलं. मॉरिशस कित्येक दशकं भांडत राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही तोडातोड बेकायदा होती. ज्या न्यायालयावर तोपर्यंत ब्रिटिश न्यायाधीश उरला नव्हता, तेच हे न्यायालय. मे महिन्यात महासभेत मतदान झालं: मॉरिशसच्या बाजूने ११६, ब्रिटनच्या बाजूने, त्याचं स्वतःचं धरून, ६. युरोपातले कित्येक मित्र तटस्थ बसून राहिले.

२२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. करारानुसार बेटं मॉरिशसची, आणि दिएगो गार्सियाचा तळ ब्रिटनकडे ९९ वर्षांच्या पट्ट्याने. त्यासाठी ब्रिटनने मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी पौंडांहून थोडं जास्त भाडं मोजायचं आहे.